मागची सीट

माणूस हौसेनं गाडी बदलतो, असं लोकांना वाटतं. मी बदलली ती वैतागून. जनावरांच्या दवाखान्यातली माझी नोकरी. घर बालाघाटला आणि कामाची गावं बैहर-बिरसाकडच्या जंगलात. लसीकरणाचे दिवस आले की उजाडायच्या आत निघायचं, घाट चढायचा, डांबरी रस्ता संपला की मुरमाचा धरायचा आणि परत येताना तेच सगळं उलट्या बाजूनं. जुनी गाडी तशी गुणाची होती, कधी रस्त्यात बंद पडली नाही. पण एकूण एक खड्डा ती इमानेइतबारे माझ्या कमरेपर्यंत आणून पोचवायची. संध्याकाळी घरी आलो की बूट काढायलाही वाकवत नसे.

डॉक्टर म्हणाले, मणक्यातल्या गाद्या घासल्यात, मोटारसायकल सोडा. सोडा म्हणायला त्यांचं काय जातंय! मला जिथे जावं लागतं तिथे बस जात नाही आणि जीप भरल्याशिवाय सुटत नाही. चारचाकी शिकायला गेलो होतो, तर भर बाजारात हातपाय गार पडले. निवृत्तीला अजून अवकाश होता. तेव्हा ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, क्रूझर घ्या. मोटारसायकलच, पण लांब, खाली सीट, पाय पुढे पसरून बसायचं. सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं म्हणाला.

मग काही आठवडे मी त्याच नादात होतो. जेवण झालं की मोबाईलवर दाढीवाल्या पोरांचे व्हिडिओ बघायचे. कोणी म्हणे ही घ्या, कोणी म्हणे ती घेऊच नका. सगळे बर्फाच्या डोंगरात जाऊन आलेले. आमच्या घाटात गाईच्या कळपातून गाडी कशी काढायची, ते एकही सांगत नव्हता. शोरूममधल्या तीन गाड्या चालवून पाहिल्या. पहिली जागच्या जागी इतकी थरथरायची की हाताला मुंग्या आल्या. दुसरी गुळगुळीत चालायची, पण उंच होती, थांबलं की पायाची बोटंच टेकायची. तिसरी बैहर रोडवर नेली. रेल्वे फाटकापुढचा उखडलेला तुकडा मी दात आवळून पार केला, आणि पार झाल्यावर लक्षात आलं की दात उगाच आवळले होते. कमरेला काही कळलंच नाही. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत रस्त्यानं मला पहिल्यांदा सोडून दिलं होतं.

पण गाडी माझ्या एकट्याची नव्हती. बायकोची आई राजेगावला एकटी राहते. दर रविवारी आम्ही दोघं तिच्याकडे जात असू, बायको मागे, एका बाजूला पाय सोडून, उजवा हात माझ्या खांद्यावर. ती शाळेत शिकवते, मी जंगलात. आठवडाभर आमचं बोलणं म्हणजे दूध आलं का, गॅस संपला का. जे काही खरं बोलणं व्हायचं ते त्या रस्त्यावर. ती माझ्या कानाशी तोंड आणून बोलायची, मी मान अर्धी वळवून. तो रविवार गेला तर आमच्यात उरणार काय, याची मला मनातून धास्ती होती. म्हणून पैसे भरण्याआधी तिला शोरूममध्ये घेऊन गेलो.

क्रूझरची मागची सीट म्हणजे नावालाच सीट. अरुंद, मागे उतरती, वर पाठ टेकायला लोखंडी टेका. ती साडी सावरून सवयीप्रमाणे एका बाजूला बसली आणि घसरली. पुन्हा बसली, पुन्हा घसरली. सेल्समन अदबीनं म्हणाला, "मॅडम, इसमें दोनों तरफ पैर करके बैठना पड़ेगा. आजकल सब ऐसे ही बैठती हैं." ती त्या टेक्याकडे पाहत राहिली. मग खाली उतरून मला म्हणाली, "घ्या तुमी. तुमची पाठ वाचली म्हंजे झालं."

मी घेतली. तिच्यासाठी दोन पंजाबी ड्रेसही आणले. ते कपाटात घडीवर घडी पडून राहिले. विचारलं की म्हणायची, "पाहू पुढच्या आयतवारी." मला राग यायचा. शिकलेली बाई, पोरींना धीट व्हा म्हणून शिकवणारी, आणि स्वतः दोन्हीकडे पाय टाकून बसायला लाजते! एकदा तसं बोलूनही दाखवलं. ती भाजी चिरत राहिली.

मग रविवार असे जायला लागले: ती बसनं, मी गाडीवर. मी आधी पोचायचो. गाडी झकास होती, पाठ बरी होती आणि मला कशातच मजा वाटत नव्हती. बाघ नदीच्या पुलाकडून वारा यायचा, तोही आता मी एकटाच खात होतो. घरी आल्यावर पुन्हा तेच, दूध, गॅस.

मागच्या थंडीतली गोष्ट. सासूबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या, मी गाडी ओट्याला लावून उभी केली होती. त्यांचं वय ऐंशीच्या घरात, पण अजून नऊवारी लुगडं, पक्का कासोटा. सगळा जन्म धानाच्या चिखलात वाकून गेला. गाडीला हात लावत म्हणाल्या, "जवाईबुवा, मले बसवान का एखांदा चक्कर?" मी हसत हौ म्हटलं. त्या ओट्यावर चढल्या, कासोटा नीट केला आणि पाय टाकून माझ्या मागे अशा बसल्या की जणू जन्मभर तेच करत आल्यात. पुलापर्यंत गेलो, परत आलो. माझ्या कमरेला घट्ट धरलं होतं त्यांनी. उतरल्यावर लेकीला म्हणाल्या, "मस्त आहे व गाडी. तुले काहून लाज येऊन राह्यली एवढी? ये, ओट्यावरून बस."

बायको दारात उभी होती. मला वाटलं, आईनं सांगितल्यावर तरी ऐकेल. ती खरंच ओट्यावर आली. माझ्या खांद्याला धरलं, डावा पाय रोवला आणि उजवा उचलला. वीतभर उचलला आणि थांबला. तिनं हातानं साडी धरून मांडी वर ओढून पाहिली. तोंड पांढरं पडलं. मग पाय खाली ठेवून ती तिथेच ओट्यावर बसली.

"लाज नाई येत, आई," ती म्हणाली. "खुब्यातून पाय उचलतच नाई."

मी गाडीवरून उतरलो. कधीपासून, म्हणून विचारलं.

"झाले दोनक वर्सं. एका बाजूनं बसलं म्हंजे जमत होतं."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"कवा सांगू? रस्ताभर तुमी पाठीचंच सांगत होते."

सासूबाईंनी आत जाऊन चहा टाकला. आम्ही दोघं ओट्यावर बसून राहिलो. डॉक्टरकडे जाऊ, ही गाडी विकून टाकू, असं काहीबाही मी बोलत होतो. ती म्हणाली, विकू नका, तुम्हाला बैहरला जायचं असतं. तेवढं बोलून तिनं पदरानं तोंड पुसलं.

बसची वेळ झाली तसा मी तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत गेलो. तिच्यासोबत चालताना सावकाश चालावं लागतं, हेही मला तेव्हाच कळलं. बस आली. एरवी ती बसकडे निघाली की मी किल्ली फिरवून पुढे निघत असे. त्या दिवशी थांबलो. तिनं दोन्ही हातांनी दांडा धरला, डावा पाय पायरीवर टेकवला आणि उजवा मागून ओढून त्याच्या शेजारी आणला. मग दुसरी पायरी, तशीच. कंडक्टर म्हणाला, "आराम से, मॅडम," अगदी ओळखीच्या सुरात, दर रविवारी म्हणत असावा तसं.