ओट्यावर गैरहजर

दिगू गेल्याचं कळलं तेव्हा मी आधी हात जोडले आणि मग त्याचं नाव वाचलं. लिहायला लाज वाटते, पण झालं तसंच. सकाळचा चहा चालला होता, मोबाईल हातात होता आणि आमच्या जुन्या शाळेच्या ग्रुपवर काळ्या चौकटीतला एक फोटो आला होता. असे फोटो इतके येतात की अंगठा आता आपोआपच जातो. जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं, खाली कोणाच्या तरी नातीच्या बारशाचे फोटो होते, तिथं लाल बदाम टाकला... आणि मग काहीतरी खटकलं. परत वर गेलो. दिगंबर. आमच्या श्रीरामपूरजवळच्या बेलापूरचा, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा, पहिलीपासून माझ्या शेजारी बसलेला दिगू. खाली लिहिलं होतं की नगरच्या दवाखान्यात नऊ दिवसांच्या उपचारानंतर निधन. नऊ दिवस! आणि मी श्रीरामपुरात बसून लोकांच्या बारशाला बदाम वाटत होतो.

अंत्यविधीला उभं राहायला जागा नव्हती. त्या एका फोटोनं पंचक्रोशी गोळा केली होती. दिगूला हे आवडलं नसतं, असं मनात आलं आणि त्याचा रागही आला. कारण ज्या 'तिकडं' तो पाऊल ठेवत नव्हता, त्या तिकडूनच त्याला खांदा द्यायला माणसं आली होती. आमचा ग्रुप होता त्या मोठ्या ॲपला तो कायम 'तिकडं' म्हणायचा, भांडण झालेल्या भावकीचं घर दाखवावं तसं.

तो आधी तिकडंच होता, आणि चांगला गाजत होता. बेलापुरातल्या दुकानात जळालेल्या मोटारी उघडता उघडता तो व्हिडिओ काढायचा. मोटार का जळते, स्टार्टर का चिकटतो, विहिरीतला पंप हवा का धरतो. कुठल्या कुठल्या तालुक्यातले शेतकरी त्याला प्रश्न विचारायचे आणि तो हातातलं काम बाजूला ठेवून उत्तरं द्यायचा. एके दिवशी सकाळी ते सगळं बंद. पान गेलं, व्हिडिओ गेले, लोकांनी विचारलेलं आणि यानं सांगितलेलं सगळं गेलं. नियम मोडला म्हणे. कोणता, ते शेवटपर्यंत कळलं नाही. अर्ज केला की त्याच साच्यातलं उत्तर यायचं. तेव्हा दिगू माझ्या घरी येऊन तावातावानं म्हणाला होता, "मास्तर, मला भांडायचंय रे. पन कुनाच्या दारात जाऊ? भांडायला दार तर पायजे ना!"

मग या पठ्ठ्यानं स्वतःचंच दार बांधलं. एक जुना कॉम्प्युटर, इन्व्हर्टर आणि कुठून कुठून शिकून घेतलेली विद्या. दुकानातल्या फळीवर, तांब्याच्या तारेच्या रिळांशेजारी ते खोकं बसलं आणि त्याला नाव दिलं 'ओटा'. गावापुरती छोटी जागा, पण जगातल्या तशाच इतर जागांशी जोडलेली. मला काही ते उमजेना. मी म्हटलं, एकाच ठिकाणी नसलेली माणसं एकमेकांशी बोलणार कशी? तो म्हणाला, "तू श्रीरामपूरचा, मी बेलापूरचा. आपन बोलतोच ना? त्यासाठी दोघांनी एकाच मालकाच्या घरात भाड्यानं ऱ्हायला पायजे का?" आयुष्यभर वर्गात समजावून सांगण्याचे पैसे घेतले, पण असं एका वाक्यात मला कधी सांगता आलं नाही.

ओट्यावर सुरुवातीला चाळीसेक जण होतो. नियम एकच होता. रोज सकाळी 'हजर' लिहायचं, बाकी काही लिहा न लिहा. आणि कोणी तीन दिवस गैरहजर राहिलं तर दिगू त्याच्या घरी जाणार. नुसतं म्हणायचा नाही, खरंच जायचा. मोपेड काढून, दुकानाला कुलूप लावून. असा तो एकदा एका विधवा बाईकडं गेला, तर ती पाय मुरगळून घरात पडून होती. मला वाटतं, त्याला त्या खोक्यातून हेच हवं होतं.

पण माणसं गळत गेली, आणि त्यांना दोष तरी काय द्यायचा? शाळेच्या सूचना तिकडं, कांद्याचे भाव तिकडं, पुण्यातली नातवंडं तिकडं. दिगूची बायको शालनवहिनी पापड-कुरडया विकते, तिचं गिऱ्हाईकही तिकडंच. ती त्याच्या तोंडावर म्हणायची, "तुमच्या वट्यावर कुनी पापड घेत न्हाई. मी कशाला येऊ?" यावर तो नुसता हसायचा.

माझं कारण मात्र पापडाइतकंही प्रामाणिक नव्हतं. निवृत्तीनंतर मी छोट्या आठवणी लिहायला लागलो. ओट्यावर टाकली की दहा-बारा जण वाचायचे, त्यात दिगू चुका काढायचा. तीच आठवण तिकडं टाकली तर चारशे बदाम. 'सर, डोळ्यांत पाणी आलं' असं वाचून मलाच भरून यायचं. चटक लागली, दुसरं काय? मोबाईलमध्ये जागा उरेना तेव्हा मी ओट्याचं ॲप काढून टाकलं. कोणाला न सांगता.

चौथ्या दिवशी दिगू दारात. हेल्मेट हातात, कपाळावर घाम. "बरा हायेस ना?" तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. पहिलीपासूनचा मित्र तो, चार शिव्या देऊन चहा पिऊन गेला असता. पण माझी जीभ वळली नाही. मी म्हणालो, "अरे, रोज वाचतो. लिहायला तेवढं होत नाही, डोळे दुखतात." त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "मग हरकत न्हाई. वाचतोस ना, बास." आणि त्यानं माझी हजेरी माफ केली.

दहाव्याच्या दिवशी वहिनीनं सगळं सांगितलं. छातीत दुखायला लागल्यावर त्याला नगरला नेलं. ती सगळ्यांना कळवायला निघाली तर यानं अडवलं. "म्हनले, उगं गलका करू नको. ज्याला कळाया पायजे त्याला मी लिवलंय. रोज चार वाजले की उशी उंच करून बसायचे, भाऊजी. दाराकडं बघत."

मला तिथं बसवेना. मी उठून दुकानात गेलो. खोक्यावरचा हिरवा दिवा चालू होता. वहिनीनं दिगूचा मोबाईल आणून दिला आणि मी ओटा उघडला.

'हजर. नगरला ॲडमिट. काळजी नको.'

'हजर. वरचा मजला, खिडकीजवळची कॉट. भेटायची वेळ चार ते सहा.'

'हजर. इथल्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. मास्तर, येताना माझा छोटा पाना आण.'

'हजर. मास्तरचे डोळे जास्त दुखत असतील.'

पुढं नुसतंच हजर, हजर. खाली केरळातल्या कोणा मेकॅनिकनं, ज्याला दिगूनं जन्मात पाहिलं नव्हतं, रोज मोडक्या इंग्रजीत तब्येत विचारली होती. दिगूनं त्याला रोज तितक्याच मोडक्या इंग्रजीत उत्तर दिलं होतं. माझं नाव असलेली जागा तेवढी कोरी होती.

तेव्हापासून मी त्याच्याशी भांडतोय. अरे, फोन करायचास ना! एक फोन! एवढा कसला हट्ट? पण भांडण फार वेळ टिकत नाही. त्यानं कळवलं होतं. मी वाचतो असं मीच त्याला सांगितलं होतं. तिकडं लोक का जातात आणि ओट्यावर का राहत नाहीत, यावर मी तासभर बोलू शकतो, पण त्यानं त्या चार वाजताचं काहीही होत नाही... वहिनीनं विचारलं, "हे खोकं बंद करू का? दिवा उगंच जळतोय." मी घाईनं नको म्हणालो. मग ॲप पुन्हा घेतलं आणि रोज सकाळी 'हजर' लिहू लागलो. कोणासाठी, ते माहीत नव्हतं. लिहून झालं की घरभर येरझाऱ्या घालायचो.

गेल्या आठवड्यात तापानं आडवा झालो. मोबाईल कुठं पडलाय याचीही शुद्ध नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात शालनवहिनी, मागं दिगूची मोपेड.

"तीन दिस झाले, भाऊजी. हजेरी न्हाई."

माझ्या तोंडावर जुनंच उत्तर आलं होतं, डोळे दुखतात म्हणून. ते गिळलं. "ताप होता, वहिनी. आणि तेव्हा... तेव्हा मी वाचत नव्हतो. दिगूला खोटं सांगितलं होतं."

तिनं दारात चपला काढल्या. मग आत येऊन खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "ताप हाय तर तसं लिवायचं."

मी चाचपून उशीखालचा मोबाईल शोधला आणि तिच्यासमोरच लिहिलं: 'हजर. ताप आहे.' तिच्या पिशवीत दिगूचा मोबाईल वाजला. तिनं तो बाहेर काढला, चष्मा लावला आणि एकेक अक्षर वाचलं.

"मिळालं," ती म्हणाली.