ताईंच्या आवाजातला फोन

औषधांच्या त्या कंपनीत ताईंना पाहिलेली माणसं थोडी, ऐकलेली मात्र सगळी. जिन्याखालच्या काचेच्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड होता आणि केस काळे होते तेव्हापासून ताई त्या बोर्डापुढे बसून अख्ख्या कंपनीला एकमेकांशी जोडून देत होत्या. आवाज असा, की भांडायला फोन केलेला दुकानदारही "बरं बरं, थांबतो" म्हणून निमूट थांबे. मालकांना तो इतका आवडला की बाहेरून कुणीही फोन केला तरी आधी ताईंचं रेकॉर्डिंग वाजायचं, "नमस्कार, आपला फोन जोडून देत आहोत, कृपया थांबा." ताईंना त्याचा अभिमान होता आणि त्यांनी तो कधी लपवलाही नाही.

त्याच रेकॉर्डिंगनं घात केला.

लसी आणि इन्सुलिन ठेवायची जी थंड खोली होती, तिचा कारभार नानांकडे होता. नाना म्हणजे भला माणूस, कपाटाची किल्ली मागितली तर कपाट उघडून देणारा. एका दुपारी त्यांना फोन आला. "नाना, बोर्डावरून बोलतेय. कॉम्प्युटरचं काम चाललंय. तुमच्या मोबाइलवर आत्ता एक कोड येईल, तेवढा वाचून दाखवता का?" ताई मागतायत म्हटल्यावर नानांनी वाचून दाखवला. ताईंनी मात्र फोन केलाच नव्हता. चोरांनी रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटरकरवी तो आवाज बनवून घेतला होता आणि नानांच्या कोडनं ते कंपनीच्या कॉम्प्युटरांत घुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरचा जो तो पडदा खंडणी मागत होता. बिलं बंद, गाड्या दारात उभ्या. थंड खोलीचं तापमान दाखवणारा पडदासुद्धा काळा पडला आणि नाना स्वेटर घालून, हातात थर्मामीटर घेऊन आठवडाभर तिथेच उभे राहिले. खंडणी द्यावी लागली नाही, कारण सगळ्या माहितीची एक नक्कल कॉम्प्युटरांपासून तोडून, वेगळी कपाटात ठेवलेली होती. बाकी नशीबच.

आवाज नकली होता हे तपासात कळेपर्यंत लोकांनी काय काय म्हणून घेतलं! ताई सामील असणार इथपर्यंत मजल गेली. पुढे सगळे गप्प झाले, पण ताईंच्या कानांत ते बसलं ते बसलंच.

मग मालकांनी कॉम्प्युटरांच्या राखणीला एक जाणता माणूस नेमला. त्यानं आल्या आल्या दिसेल त्याला कुलूप लावलं. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद केली, मोठ्या कामाला दोघांची मंजुरी लावली, नक्कल रोज काढून वेगळी ठेवायला लावली. लोक त्याला कुलूपसाहेब म्हणू लागले. त्याचा सगळ्यात कडक नियम असा, की फोनवर कोड कुणालाही सांगायचा नाही, प्रत्यक्ष मालक मागत असले तरी. फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या नंबरावर आपण उलट फोन करून खात्री करायची. ताईंचं रेकॉर्डिंगही त्यानं काढून टाकलं.

तेव्हापासून ताईंच्या जिवाला चैन म्हणून नव्हतं. फोन उचलला की पलीकडचा विचारी, "खऱ्या ताई का?" आणि हसे. ताईही हसत, आणि मग पाण्याची बाटली उगाच उघडत, उगाच बंद करत. घरी नवरा तसलाच. गॅस बंद केला का म्हणून विचारायला फोन केला तर म्हणे, "आधी सांग, माझा कुठला गुडघा दुखतो?"

"दोन्ही! आणि जीभ एकही दिवस दुखत नाही!" म्हणून ताई फोन आपटत. पण त्या दिवशी डबा तसाच घरी परत जाई.

अशात कुलूपसाहेब काचेच्या खोलीत येऊन बसले. "ताई, नियम पाळतात का ते बघायचंय. तुम्ही फोन करा. तुमच्या आवाजात. कोड मागा."

"मी? माझ्याच माणसांना फसवू?"

"चोर तुमच्याच आवाजात येणार, ताई. दुसऱ्या कुणाला ही परीक्षा घेताच येणार नाही."

ताईंनी फोन लावले. हिशेबवाल्या बाईंनी लगेच कोड दिला, वर "जेवलात का?" असंही विचारलं. गाड्यांवरच्या माणसानं दिला. चुकलेल्यांना कुलूपसाहेब शांतपणे पुन्हा शिकवत होते, कुणाला रागावले नाहीत. ताईंना मात्र प्रत्येक फोननंतर हात धुवावेसे वाटत.

"उद्या नाना," कुलूपसाहेब म्हणाले. मग जरा चाचरत, "मालक म्हणालेत, नाना दुसऱ्यांदा चुकले तर थंड खोली काढून घ्यायची."

ताईंचा जीव टांगणीला लागला. त्या माणसाची सगळी नोकरी त्या खोलीत गेली होती आणि तो चुकला होता तो त्यांच्या आवाजाला भुलून. संध्याकाळी फाटकाशी नाना भेटले. एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. "नाना," ताई म्हणाल्या, आणि जीभ चावून थांबल्या. आज वाचवलं तर खऱ्या चोराच्या वेळी कोण वाचवणार?

"काय हो, ताई?"

"काही नाही. स्वेटर धुवायला टाका तो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन लावला. कुलूपसाहेब शेजारी बसून ऐकत होते. चोरी करायची तर नीट, म्हणून ताईंनी आवाजात होती नव्हती तेवढी माया ओतली. "नाना, बोर्डावरून बोलतेय. कोड आलाय ना? तेवढा सांगा, राजा. नाहीतर माझ्यावर येईल हो."

पलीकडे थंड खोलीची मशीन घरघरत होती. ठेवा, नाना, ठेवा तो फोन, असं ताई मनातल्या मनात ओरडत होत्या.

"ताई," नाना म्हणाले, "तुमच्यावर येईल म्हणता?"

ताईंनी डोळे मिटले.

"अरे मेल्या!" नाना कडाडले. "माझ्या ताईंचा आवाज चोरतोस? लाज नाही वाटत? एकदा त्या बाईच्या नावाला काळं लावलंस, परत आलास? ठेव फोन!" आणि त्यांनीच तो आपटला.

कुलूपसाहेब हसले. ताईंना हसू येईना आणि रडूही थांबेना. तेवढ्यात बोर्डावरचा दिवा लागला. थंड खोलीचा.

"ताई, मी नाना. नियमाप्रमाणे उलट फोन केलाय. तो चोर परत आला होता, सांभाळा. चांगला झापलाय त्याला. पण हुबेहूब तुम्ही होतात हो. ठेवताना जिवावर आलं."

ताईंनी पदरानं डोळे पुसले. हा चोर कोण होता ते कुलूपसाहेब सांगतील तेव्हा सांगोत.

"बरं केलंत, नाना," त्या म्हणाल्या. "पुन्हा आला तर पुन्हा ठेवा."