आमच्या घरचा पहिला नकार

आमच्या घरात कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा घ्यायचं नाही. हा नियम कोणी केला ते मला ठाऊक नाही, पण मी त्यातच वाढलो. पाहुणा आला, चहा विचारला, की त्यानं म्हणायचं, "नको, आत्ताच घेऊन निघालो." आपण म्हणायचं, "असं कसं? अर्धा कप तरी." तो पुन्हा नको म्हणणार. मग आपण न विचारता आधण ठेवायचं. एवढं झालं म्हणजे दोघांचाही मान राहतो. जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहून आमची मराठी निम्मी हिंदी झाली, भाच्या-पुतण्यांना तर नुसती समजते, बोलता येत नाही. पण हा आग्रह काही सुटला नाही. शेजारपाजारचे लोक आम्हाला हसतात. त्यांच्याकडे 'नहीं' म्हणजे नाही. चहा गेला तो गेलाच.

या नियमापायी आमच्या वहिनींचं जे झालं, ते सांगतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. कांचघर मोहल्ल्यातल्या घरात तेव्हा आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही, काहून नाही केलं ते विचारू नका. रेल्वेतून रिटायर झालो आणि घरी बसलो. भाऊ त्याआधीच गेला होता. पुतण्या नोकरीपायी पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला. वहिनी गोहलपूरच्या एका कारखान्यासाठी घरी सलवार-सूट शिवायच्या. भाऊ होता तेव्हा मशीन आणि तोंड दोन्ही बरोबर चालायचं. गल्लीतल्या पोरी कटिंग शिकायला यायच्या, वहिनी त्यांना रागवायच्या, मग खाऊ घालायच्या. भाऊ गेल्यावर मशीन चालू राहिली, बोलणं थांबलं. पोरी एकेक करून यायच्या बंद झाल्या. मी काय करणार? मला भांडता येतं, समजूत काढता येत नाही.

आता विधायकबाईंचं सांगतो. आमच्याकडे आमदाराला विधायक म्हणतात, आणि या जातीचा मला पहिल्यापासून राग. मतांच्या वेळी हात जोडून दारात उभे, नंतर ओळखसुद्धा दाखवत नाहीत. शहराच्या उत्तरेकडच्या भागातून या बाई निवडून आल्या तेव्हा मी त्यांनाही त्याच पंगतीत बसवलं होतं. सगळे त्यांना दीदी म्हणायचे. पण दीदी जरा वेगळ्या निघाल्या, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. भोपाळला विधानसभेत उभ्या राहिल्या की एकच पालुपद. सगळं भोपाळ-इंदूरला, मग जबलपुरानं काय नुसती वाट पाहायची? गोहलपूरचे सूट कुठल्या कुठे विकले जातात, पण ते शिवायला शिकवणारी एक धड जागा इथे नाही. आमची मुलं शहर सोडून जातात ती हौसेनं जात नाहीत. हे शेवटचं वाक्य टीव्हीवर ऐकून वहिनींनी आवाज मोठा करायला लावला होता.

एवढं बोलून दीदी थांबल्या असत्या तर मी म्हटलं असतं, बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. पण त्यांनी पाठ धरून धरून गोहलपुरातलं बंद पडलेलं सामुदायिक भवन उघडवलं. दिवसा बायकांना शिवणकाम शिकवायचं, संध्याकाळी तिथेच मुलांचा अभ्यास घ्यायचा. शिवाय तिकडे कुंडमला, जंगलातल्या खेड्यांसाठी, असंच दुसरं केंद्र मंजूर करून आणलं. ते तर त्यांच्या मतदारसंघातही नाही. कुणी टोकलं तर म्हणायच्या, भूक काय मतदारसंघ विचारून लागते?

गोहलपूरच्या केंद्रात शिकवायला बाई पाहिजे होती. कारखान्याच्या मालकानं वहिनींचं नाव सुचवलं, आणि दीदी स्वतः भेटायला येणार असा फोन आला.

त्या दिवसापासून वहिनी माझ्या डोळ्यांदेखत बदलल्या. मोठी कात्री धार लावायला दिली. भाजी चिरता चिरता गुणगुणल्या. मला विचारतात, "भाऊजी, एका वेळी किती पोरी बसवता येतील हो?" जसं काही मी जन्मभर सुईच ओवत आलो.

"तुम्ही रागवल्या नाही तर कितीही बसतील," मी म्हणालो.

त्या हसल्या. भाऊ गेल्यावर त्या अशा मोकळ्या हसल्या नव्हत्या. मला इतकं बरं वाटलं की काय करावं सुचेना, म्हणून मी उगाच जाऊन गेटला तेल घातलं.

दीदी आल्या. साध्या बाई, चष्मा पदरानं पुसायची सवय. पोहे खाल्ले, शिवून ठेवलेला एक कुर्ता उलटा करून आतली शिवण पाहिली, मान डोलावली. आणि कुठलंही पाल्हाळ न लावता म्हणाल्या, "भाभीजी, गोहलपुर का सेंटर आप संभाल लीजिए."

वहिनींनी पदर सावरला. खाली पाहिलं. "अरे नहीं नहीं दीदी, मुझसे कहाँ होगा. किसी होशियार बाई को दीजिए."

मी मनात म्हटलं, वा, अगदी रीतसर. आता दीदी आग्रह करतील, वहिनी अजून एकदा आढेवेढे घेतील, मग मी मध्ये पडेन आणि पेढे काढेन. पेढे आणून ठेवलेच होते.

दीदींनी पदरानं चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "अच्छा. कोई बात नहीं, ज़बरदस्ती नहीं करूँगी." नमस्कार केला, चपला घातल्या, आणि मी तोंड उघडेपर्यंत गाडी सुरूसुद्धा झाली.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. नवऱ्यानं नाहीतर सासूनं ढकलून पाठवलेल्या आणि रडत बसलेल्या बायका त्यांनी अशा वर्गांमध्ये पुष्कळ पाहिल्या होत्या. बाई नाही म्हणाली तर नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. हे मला मागाहून त्यांच्याच तोंडून कळलं.

वहिनी दारात उभ्या. "गेल्या?"

"गेल्या."

"पुन्हा विचारलंच नाही."

माझं डोकं फिरलं. "काहून नाही म्हणाल्या तुम्ही? विधायक आहे ती बाई. तुमची मनधरणी करायला रुसवा काढणारी विहीण नाही."

"मग एकदम हो म्हणायचं? हावरटासारखं?"

"मी जाऊन सांगतो त्यांना."

"खबरदार," वहिनी म्हणाल्या. "मी काय भीक मागून राहिले?" आणि आत जाऊन मशीनवर बसल्या. पेढे तसेच राहिले. शेवटी मीच खाल्ले, आणि एकही गोड लागला नाही.

केंद्राच्या उद्घाटनाला मी त्यांना ओढून नेलं. नुसतं बघायला चला म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा नको म्हणाल्या, मी पुन्हा म्हटलं, तर आल्या. गोहलपूरचं ते भवन रंग देऊन चकाचक केलेलं, ओळीनं मशिनी मांडलेल्या. एका तरुण मुलीच्या गळ्यात हार घालून दीदींनी सांगितलं की ही इथे शिकवणार. वहिनींनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, बघवलंच नसतं.

भाषणं संपली, लोक नाश्त्याकडे वळले. आणि वहिनी, ज्या बाजारात भाजीवाल्याशीही घासाघीस मला करायला लावतात, त्या गर्दीतून वाट काढत थेट दीदींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे धावलो.

"दीदी, उस दिन मैंने ना कहा था."

"हाँ भाभीजी, याद है."

"वो झूठ था. हमारे घर में पहली बार ना ही कहते हैं. मुझे ये काम चाहिए था. अब भी चाहिए." बोलताना मान वर होती.

दीदींनी त्यांचा हात हातात घेतला. "भाभीजी, ये जगह मैं इस लड़की को दे चुकी. वापस नहीं लूँगी."

"वापस लेनी भी नहीं चाहिए."

दीदी चष्म्यातून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "कुंडम जाएँगी? शहर से कोई जाने को तैयार नहीं. रोज़ का आना-जाना नहीं होगा, वहीं रहना पड़ेगा. कमरा दिलवा दूँगी."

"जाऊँगी," वहिनी म्हणाल्या. लगेच. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी पलंगावर साड्या काढल्या आणि कुठल्या न्यायच्या ते पाहू लागल्या. मी दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचायचं नाटक करत होतो.

"तुमच्या जेवणाचं काय, भाऊजी?"

"येतं मला सगळं."

"वरण येतं?"

"कुकरला येतं."

त्यांनी एक साडी घडी केली, पुन्हा मोडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खरं सांगा. मी जाऊ नये असं वाटून राहिलं न तुम्हाला?"

छे छे, मला काय, तुम्ही खुशाल जा. अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"वाटून राहिलं," मी म्हणालो. "फार वाटून राहिलं. घर खायला उठेल मला. तरी तुम्ही जा."

त्या साडी मांडीवर घेऊन खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पुसायचंही भान नव्हतं. मी घाबरलो, म्हटलं काय बोलून बसलो.

"हे गेल्यापासून," त्या म्हणाल्या, "मी नसले तर कुणाला चुकल्याचुकल्यासारखं होईल, असं मला कुणी म्हणालं नव्हतं. मुलगाही नाही."

थोड्या वेळानं त्यांनी नाक पुसलं, उठल्या, आणि जांभळी साडी बॅगेत टाकली. सोमवारच्या पहिल्या बसनं त्या कुंडमला गेल्या.