निम्मं डिझेल, निम्मं सरकार

पंपावर आण्णा कधी आकडा सांगत नसत. जीप थांबली, की नळी धरलेल्या माणसाला म्हणत, "निम्मं डिझेल भर, निम्मं सरकार." पलूसच्या त्या पंपावर हे वाक्य इतके रुळले होते, की जीप वळताना दिसली की तो माणूसच विचारी, "आण्णा, आज सरकार किती टाकू?" आण्णा म्हणत, "ते तू टाकत न्हाईस रं गड्या. ते आदीच मुरलेलं असतंय."

सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते गावी ऊस करत होते. आयुष्यभर मत एकाच चिन्हाला. माणसाने आपले काम करावे आणि सरकारने माणसाच्या घरात फार डोकावू नये, एवढेच त्यांचे राजकारण. हेच सांगून निवडून आलेला आपलाच आमदार इंधनावरच्या कराच्या बाजूने हात वर करतो, याचा त्यांना राग. "मग दुसऱ्याला द्या की मत," मी एकदा म्हटले.

"भांडायचं ते आपल्या घरात, सर. शेजाऱ्याच्या घरात जाऊन कोन भांडतंय?"

चौकात ग्रामपंचायतीने कॅमेरा बसवला, तेव्हा आण्णा त्याच्याखाली सावधान उभे राहून "हजर" म्हणाले आणि तसेच सरपंचांकडे गेले. कॅमेऱ्याचा पडदा सरपंचांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजवर ठेवलेला. "पहाऱ्यावरच्या जवानाला नाव असतंय," आण्णा म्हणाले. "हितं बघतंय कोन?"

"मंडळी बघत्यात अधनंमधनं," सरपंच म्हणाले.

कोण कोणाकडे किती वेळ बसले, हे सरपंचीणबाईंना दुपारपर्यंत ठाऊक होऊ लागले. ज्याच्यासाठी कॅमेरा बसवला, तो विहिरीवरच्या मोटारी चोरणारा मात्र सापडला नाही.

या साऱ्याबद्दल आण्णा आमदारांना पत्रे लिहीत. म्हणजे सांगत ते, आणि वाचनालयातल्या माझ्या टेबलावर लिहून देई मी. मजकूर कडक असे. 'जुन्या गाडीने हवा बिघडते, तर आपल्या मागच्या दहा गाड्या कोणता वारा सोडतात?' असले वाक्य मी सौम्य केले, की ते परत वाचायला लावत आणि मूळचे घालायला सांगत. सुरुवातीला मात्र 'सविनय विनंती' आणि शेवटी 'आपला आज्ञाधारक' हवेच. पलटणीत वरिष्ठांना असेच लिहायची सवय.

"इतकं खडसावून आज्ञाधारक कसे?" मी विचारले.

"कायदा हाय तवर पाळायचा. चुकीचा हाय म्हनत म्हनत पाळायचा."

ऊस तुटल्यावर रानातले पाचट जाळू नये, असे सांगायला अधिकारी आले, तेव्हा आण्णांनी त्यांच्याशी तासभर वाद घातला. त्या वर्षी सगळ्या शिवारात धूर होता. आण्णांच्या रानात नव्हता.

मग जीपला पंधरा वर्षे झाली. नव्याने नोंदणी, वर पर्यावरण कर, आणि तपासणीत नापास झाली तर भंगार. काकींचे, म्हणजे आण्णांच्या बायकोचे, गुडघे गेलेले. त्यांना मिरजेला डॉक्टरांकडे न्यायचे ते याच जीपमधून. चढायला सोपे जावे म्हणून आण्णांनी खाली लोखंडी पायरी जोडून घेतली होती. त्या वर्षी त्यांनी तीन पत्रांत एकच प्रश्न विचारला: खेड्यातल्या माणसाने जुनी गाडी टाकली, तर म्हाताऱ्या बायकोला दवाखान्यात कशातून न्यायचे, हा विचार कायदा करताना कोणी केला होता का? "उत्तर आल्याबिगर मरत न्हाई," ते म्हणत.

एक दिवस आमदारांचा सहायक घरी आला. मी तिथेच होतो. "सुभेदारसाहेब, काम झालं. साहेबांनी फोन केलाय. जीप बिनधास्त फिरवा, कोण अडवत नाही."

आण्णा म्हणाले, "काम कुटं सांगितलं हुतं? इचारलं हुतं."

सहायकाने बॅगेतून पत्र काढून पहिल्या आणि मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "विनंती, आज्ञाधारक. अर्जच की हा."

त्यांच्या कार्यालयात पत्रांचा एकच गठ्ठा होता, अर्जांचा. काही न मागता कोणी लिहील, हे तिथे कोणाच्या मनात आले नव्हते.

"सूट नगं मला," आण्णा म्हणाले. "मला सूट दिली तर कायदा शेजाऱ्याला ऱ्हायला. मला उत्तर द्या."

आतून काकी म्हणाल्या, "आवं, जीप ऱ्हातीया तर ऱ्हाऊ द्या की. मी काय उत्तरात बसून मिरजंला जाऊ व्हय?"

सहायक हसला. आण्णा हसले नाहीत. चहा मात्र पाजला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः जीप तपासणीला नेली. ती नापास झाली. मग काकी एसटीने जाऊ लागल्या. खालून आण्णा आधार देत, वरून कंडक्टर हात देई, आणि काकी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असे म्हणत, "चढवा, कायद्याची बायको हाय." मला आण्णांचा तेव्हा राग येई. तत्त्व त्यांचे, गुडघे काकींचे. त्यांनाही हे कळत असावे, कारण थांब्यावर ते काकींच्या नजरेला नजर देत नसत. चौथ्या पत्रातून त्यांनी 'विनंती' काढायला लावली. 'आज्ञाधारक' राहू दे म्हणाले.

उत्तर आले नाही. गेल्या माघात एका दुपारी अंगणातल्या खुर्चीवर बसल्याबसल्या आण्णा गेले.

चौथ्या दिवशी टपालाने एक जाड पाकीट आले. आमदारांचे शोकपत्र; मजकूर छापील, आण्णांचे नाव तेवढे हाताने भरलेले. 'आमचे मार्गदर्शक हरपले,' मी काकींना वाचून दाखवले. त्यांनी पाकीट मागून घेतले आणि वरच्या अक्षरांवरून बोट फिरवले.

"ह्यो आपलाच पत्ता हाय न्हवं, सर?"

"हो."

"म्हंजे त्यास्नी ठावा हुता," काकी म्हणाल्या.