समोरासमोरचे दोन भाग

समजा, तुमच्यापुढे पोतंभर वाळू ओतली आहे आणि त्यातली मूठभरच तपासायची आहे. कुठली मूठ घ्याल? वरची घेतलीत तर चुकलात, कारण जाड खडे घरंगळून कडेला गेलेले असतात. म्हणून आधी वाळू खालीवर करायची, ढीग घालायचा, तो थापून ताटासारखा चपटा करायचा आणि फळीने त्याचे चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, उरलेले दोन बिनधास्त टाकून द्यायचे. मूठभर उरेपर्यंत पुन्हा पुन्हा हेच. जे अर्ध्यात असतं तेच पूर्णात असतं, असा यामागचा विश्वास.

बांधकामाची वाळू तपासणाऱ्या आमच्या लॅबमध्ये हे काम चाळणीताई एकोणीस वर्षं करताहेत. नाव आम्हीच ठेवलेलं, आणि ते त्यांना ठाऊक आहे. "मला गुपितं सांगू नका, चाळणी आहे मी," असं त्या स्वतःच म्हणतात. पुढची हकीकतही त्यांच्याच तोंडून गळली.

यंदाच्या सुट्टीत त्या समुद्राकाठी तंबू ठोकून पाच दिवस राहिल्या. सोबत नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना घरात सगळे नाना म्हणतात. नानांची हयात बॉयलरपाशी गेली, आणि निवृत्त होताना ते कान तिथंच ठेवून आले. दोन वर्षं मागे लागून ताईंनी त्यांना श्रवणयंत्र घ्यायला लावलं. तेव्हा नाना म्हणाले होते, "तुझ्या शब्दाखातर घालतो. पण हे एकच. हे गेलं तर दुसरं कानाला लावणार नाही." नाना शब्दाचे पक्के.

शेवटच्या दिवशी सकाळी नानांच्या कानात यंत्र नव्हतं.

"कुठं काढून ठेवलंत?" ताईंनी ओरडून विचारलं.

"काढलं कुठं? पडलं. तोंड धुताना, नळापाशी."

साडेनऊ झाले होते आणि अकराला जागा रिकामी करायची होती. नवरा तंबूचे खुंटे उपटत होता. "अगं, काजूएवढी वस्तू ती. एवढ्या वाळूत कुठं शोधणार?"

"वाळूतलंच सापडतं मला. तुमच्या कपाटातलं नाही."

उपटलेले खुंटे घेऊन ताईंनी नळाभोवती दोऱ्या ताणल्या आणि चौकोन आखले. एकेक चौकोन खरवडून भाज्या धुवायच्या जाळीतून गाळायला घेतला. शिंपले निघाले, बाटल्यांची झाकणं निघाली, केसांची एक पिन निघाली. शेजारच्या तंबूतल्या बाई "सोन्याचं होतं का काही?" असं विचारून गेल्या. नाना घडीच्या खुर्चीवर बसून सगळं निवांत बघत होते.

पावणेअकराला नळाखालचा शेवटचा चौकोन उरला. तिथली वाळू ओली, जाळीतून उतरेना. ताईंनी ती ताडपत्रीवर काढली. खालीवर केली, ढीग घातला, थापला, मुलीच्या खेळण्यातल्या फावड्याने चार भाग पाडले. समोरासमोरचे दोन भाग बादलीत भरून मुलीच्या हातात दिले. "जा, पाण्यात टाकून ये."

मुलगी पळत गेली आणि रिकामी बादली हलवत परत आली. तोवर ताईंनी उरलेली वाळू बोटांनी चिवडून पाहिली होती. काहीच नव्हतं.

"आणि बाकीची अर्धी?" नवऱ्याने विचारलं.

ताई ताडपत्रीकडे बघत राहिल्या. "मी काय केलं हे?"

"कामावर गेलीस," नवरा म्हणाला.

दोघं मुलीला घेऊन पाण्यापर्यंत गेले. तिने बोट दाखवलं, पण आधी एकीकडे, मग दुसरीकडे. भरती चढत होती. दहा मिनिटं गुडघाभर पाण्यात चाचपडून ते परत आले, आणि तंबू तसाच बोळा करून डिकीत कोंबला.

गाडीत नाना पुढे बसले, ताई बरोब्बर त्यांच्या मागे. यंत्र नसलं की, समोर बघून ओठ हलवल्याशिवाय नानांना कुणी बोलतंय याचा पत्ताही लागत नसे. अर्धा रस्ता झाल्यावर ताई त्यांच्या पाठीमागून स्वतःशीच पुटपुटल्या, "नाना, खरंच पडलं होतं का हो?"

नाना खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "काय म्हणालीस?"

"काही नाही," ताई म्हणाल्या.

याला आता तीन आठवडे झाले. नानांनी शब्द पाळला आहे, दुसरं यंत्र घरात आलेलं नाही. लॅबमध्ये ताई पूर्वीसारखेच चार भाग पाडतात, फक्त टाकायच्या दोन भागांतून एकदा हात फिरवतात. घरी विचारायचं तर ओरडून विचारावं लागणार, आणि हा प्रश्न ओरडून विचारण्यासारखा नाही. म्हणून त्या आम्हालाच विचारतात: "त्या बादलीत ते होतं तरी का?"