कोल्ड्रिंकच्या बाटलीचं आकाशयान

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालो आणि साठाव्या वर्षी रॉकेट करायला घेतलं. मधली दोन वर्षं विज्ञानकथा वाचण्यात गेली. वाचनालयात होत्या नव्हत्या तेवढ्या मी संपवल्या आणि माझा असा समज झाला की रॉकेट करणं ही फारशी अवघड गोष्ट नसावी. त्या कथांमधला शास्त्रज्ञ परसदारी एकटाच यान बांधतो आणि मंगळावर जाऊन येतो. त्याला बायको नसते. असलीच तर पहिल्या पानावरच वारलेली असते.

माझी बायको धडधाकट आहे आणि तिने पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. माझा बेत ऐकून ती म्हणाली, "अहो, परवा गीझरचा प्लग बदलताना तुम्ही अख्ख्या मजल्याची वीज घालवलीत. आगीचं काहीही या घरात चालणार नाही."

"मग रॉकेट उडणार कशावर?"

"पाण्यावर," ती म्हणाली आणि भाजीच्या पिशवीवर चित्र काढून दाखवलं. कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली उलटी धरायची, तिच्यात थोडं पाणी ठेवायचं, सायकलच्या पंपाने हवा भरायची. तोंड मोकळं केलं की पाणी खाली आणि बाटली वर.

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. माझ्या डोळ्यांसमोर ज्वाळा होत्या, धूर होता, थरथरणारी जमीन होती. पण पनवेलमध्ये दोन खोल्यांच्या फ्लॅटात तडजोड करावीच लागते. मी जुन्या प्लास्टिकच्या फायली कापून तीन पंख चिकटवले. त्यातला एक तिरका बसला, तो मुद्दामच तसा ठेवलाय असं मी सांगत राहिलो. बाटलीला चंदेरी रंग दिला आणि त्यावर लाल अक्षरात लिहिलं, आकाशयान १.

पहिली चाचणी इमारतीच्या गच्चीवर झाली. बाटलीच्या तोंडात मी बूच ठोकलं होतं, ते इतकं घट्ट की बाटली तसूभरही हलली नाही. हलली ती पंपाची नळी. ती सुटून आली आणि माझ्या कपाळावर बसली. आठवडाभर टेंगूळ होतं. कोणी विचारलं की मी गंभीर चेहऱ्याने सांगायचो, "चाचणीत लागलं." लोक पुढे काही विचारत नसत. त्यांना वाटायचं, मधुमेहाची चाचणी असेल आणि चक्कर येऊन पडलो असेन.

शेवटी मी तळमजल्यावरच्या काकांकडे गेलो. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. मुलं कधीच इस्रायलला गेली, हे मात्र इथेच राहिले. ब्याऐंशी वर्षांचे, आयुष्यभर फिटर म्हणून काम केलेलं आणि गॅलरीत अजून एक छोटा लेथ. मी नेमका शनिवारी सकाळी गेलो. शनिवार त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी ते हत्याराला हात लावत नाहीत.

"काका, फार घाईचं आहे हो," मी म्हटलं.

"माणसाला वर जायला हजारो वर्षं लागली," ते म्हणाले. "तुमचं एक दिवस थांबेल."

रविवारी त्यांनी पितळेचं तोंड आणि त्याला एक खिट्टी करून दिली. दोरी ओढली की खिट्टी निसटणार आणि बाटली मोकळी होणार. मग त्यांनी चष्मा वर करून लाल अक्षरं वाचली. "एक? म्हणजे दोन पण करणार आहात?"

आता जागेचा प्रश्न आला. मला गव्हाणकडची मोकळी जमीन आवडली होती, पण बायको म्हणाली, "विमानतळाशेजारी रॉकेट उडवणार? पोलिसांना काय सांगाल, पाण्यावर चालतं म्हणून?" तेव्हा आमच्या कचेरीतला जुना शिपाई मदतीला आला. त्याचं चिरनेरला शेत आहे. "आमच्या शेतान या साहेब," तो फोनवर म्हणाला. "भात कापून झालाय, सगला मोकला हाय."

एका रविवारी सकाळी मी, बायको आणि काका रिक्षा करून चिरनेरला गेलो. रॉकेट माझ्या मांडीवर होतं. शेतात पाहतो तर वीस-पंचवीस माणसं जमलेली. शिपायाने सगळ्या आळीला सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यासमोर श्रोते होते, आणि ही संधी मी सोडली नाही. ग्रहमालेपासून सुरुवात करून मी शनीच्या कड्यांपर्यंत पोचलो, तेव्हा शिपाई म्हणाला, "साहेब, ऊन लागतंय."

मी पंप मारायला लागलो. बायको मोजत होती. "तीस झाले, बास." सगळे बघत होते म्हणून मी आणखी पाच मारले. मग दोरी हातात घेऊन, दहा पावलं मागे जाऊन, खड्या आवाजात उलटे आकडे सुरू केले. दहा, नऊ, आठ. सात म्हणणार तेवढ्यात बाटली कचकन वाजली आणि माझा धीर सुटला. मी स्वतःला जमिनीवर पालथं झोकून दिलं. दोरी माझ्या मुठीतच होती.

फस्स असा आवाज झाला, पाण्याचा सपकारा तोंडावर आला आणि सगळं शेत एकदम ओरडलं, "गेलाऽऽ!"

मी मान वर केली तर चष्म्यावर चिखल. तो ओल्या सदऱ्याने पुसला, तर अजूनच पसरला. "कुठे? कुठे आहे?" मी ओरडत होतो. बायकोने माझी हनुवटी धरून तोंड आभाळाकडे वळवलं. मला तपकिरी आभाळ दिसलं. मग बांधापलीकडे काहीतरी आपटलं. दगडावर पडून बाटली उभी चिरली होती, म्हणजे पुन्हा उडवायची सोय नाही.

शिपायाच्या सुनेने मोबाइलवर सगळं घेतलं होतं. मी आशेने बघितलं. आधी माझं भाषण, मग माझं पालथं पडणं, मग फोन गर्रकन वर गेला, नुसता लख्ख सूर्य दिसला, आणि पुन्हा चिखलातला मी.

"साहेब, रॉकेट नाय आला," ती हसू दाबत म्हणाली, "पण तुमी लय भारी आलाव."

किती उंच गेलं, यावर वाद झाला. शिपाई म्हणाला, दोन माड एकावर एक. काका म्हणाले, एकच माड, पण सरळ गेलं. मी कोणाच्याच बाजूने बोलू शकत नव्हतो. सगळ्या गावाने पाहिलेली गोष्ट फक्त ती करणाऱ्यानेच पाहिली नव्हती.

परतताना काका रिक्षात पेंगत होते. बायको म्हणाली, "मला वाटलं नव्हतं ते उडेल."

"मग आलीस कशाला?"

"तुम्ही पडाल याची खात्री होती. उचलायला कोणीतरी हवं ना." मग ती म्हणाली, "पण वर गेल्यावर काय करतं माहितीये? क्षणभर थांबतं. जावं की यावं, असा विचार केल्यासारखं. आणि मग असं वळतं."

तिने हात रिक्षाबाहेर काढला आणि हळूहळू वर नेला.

"मॅडम, हात आत घ्या," रिक्षावाला म्हणाला.

तिने हात आत घेतला आणि उरलेलं उड्डाण रिक्षाच्या टपाखाली, माझ्या नाकासमोर करून दाखवलं.