गनचा दोष

शिड्यांच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे फूटपट्टीकाका म्हणायचे. त्यांनी मारलेला वेल्डिंगचा टाका फूटपट्टी लावून ओढल्यासारखा सरळ यायचा, म्हणून. एक-दोन नव्हे, एकतीस वर्षं. नवा वेल्डर कामाला लागला की त्याला आधी काकांचा टाका दाखवायचे आणि वर ऐकवायचे, "असा येत नसेल तर रंगकाम शिक बाबा."

आणि याच काकांची गेले चार महिने पाचावर धारण बसली होती. कशावरून, तर एका गनवरून!

मिग वेल्डिंगची गन म्हणजे पिस्तुलासारखं हत्यार. घोडा दाबला की आतून तार सरकत बाहेर येते, सोबत गॅस येतो, तार वितळते आणि लोखंडाला लोखंड जोडलं जातं. काकांची गन नऊ वर्षांची. मुठीला टेपवर टेप गुंडाळलेली, केबल मध्येच तापायची, तार अडखळायची. तिच्यात दोष होते, खोटं कशाला बोला. पण टाका वाकडा यायला लागला तो तिच्यामुळे नव्हे, हे एकट्या काकांना ठाऊक होतं. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं सकाळपासूनच बधिर असायची आणि टाका संपत आला की मनगट थरथरायचं.

कुणी विचारलंच तर काका म्हणायचे, "ही गनच मेली नाठाळ झालीय." लोक माना डोलवायचे. एवढा मोठा कारागीर, त्याच्या शब्दावर शंका घेणार कोण? मग काका तो वाकडा टाका ग्राइंडरनं घासून सपाट करायचे, रंगवाला त्यावर पिवळा हात फिरवायचा आणि शिडी गाडीत चढायची. घासलं की टाक्याची ताकद जाते, हे काय काकांना कुणी शिकवायला हवं होतं? तरी घासत राहिले. शिडीवर माणूस चढतो, हा विचार मनात आला की ते घाईघाईनं दुसऱ्या कशाचा तरी विचार करायचे.

अशात एका सोमवारी मॅडम त्यांच्या टेबलाशी आल्या. मॅडम म्हणजे जुन्या मालकांची मुलगी. वडील घरी बसल्यापासून कारखाना तीच बघायची.

"काका, ही गन दुरुस्त करायची की सरळ नवीन घ्यायची? तुम्हीच सांगा, चालवायची तुम्हाला आहे. उद्या दुरुस्तीवाला येतोय, तोवर ठरवा."

"बघतो," काका म्हणाले. 

पण ठरवायचं काय, कपाळ? दुरुस्त केली तरी टाका वाकडा येणार. नवीन आणली तरी वाकडाच येणार. मग लोक कुणाकडे बघतील? ती जुनी, रडकी गन होती म्हणून तर काकांचं झाकलेलं होतं. दिवसभर ते मनातल्या मनात जुळवाजुळव करत बसले. नवीन गन जड असते म्हणून सांगावं. नाहीतर दुरुस्ती नको, आहे तशीच वर्षभर चालेल म्हणून सांगावं. एकही कारण त्यांचं त्यांनाच पटेना.

संध्याकाळी घरी पाणी पिताना पेला हातातून निसटला.

"हाताला काय झालंय?" बायकोनं विचारलं.

"काही नाही गं. ती गन फार तापते."

"घरात कुठं आहे गन?"

 बायकोनं फरशी पुसली आणि समोर येऊन बसली. "डॉक्टरकडे जाऊ या का?"

"डॉक्टर म्हणेल, काम थांबवा."

"मग थांबवा."

"थांबवून काय करू? दुसरं येतंय काय मला?" काका एकदम ओरडले, आणि लगेच ओशाळले. "भीती वाटते गं मला. फार भीती वाटते."

तिनं त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला आणि एकेक बोट दाबून विचारलं, "हे कळतंय? आणि हे?" शेवटच्या दोन बोटांना काका नाही म्हणाले. ती बराच वेळ तीच दोन बोटं चोळत बसली. शिड्यांचं मात्र काकांनी तिलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. काकांचा जुना दोस्त. ऐन उमेदीत दोघं एकाच टेबलावर वेल्डिंग करायचे. काकांनी काही सांगायच्या आधीच त्यानं गन उघडली आणि कपाळाला हात लावला.

"अरे फूटपट्टी, ही चालवत होतास तू? धन्य आहेस!"

तार ज्या नळीतून सरकते ती तांबूस भुकटीनं भरलेली होती. टोकाच्या तांब्याच्या तुकड्याचं भोक झिजून लांबट झालेलं. मुठीजवळ केबलच्या निम्म्या तारा तुटलेल्या. त्यानं नळी बदलली, टोक बदललं, केबलचा सडका भाग कापून नीट जोड दिला. तासाभरात गन टेबलावर ठेवून हात पुसत म्हणाला, "घ्या. आणखी दोन वर्षं हिला काही होत नाही. नवीन कशाला घेताय? हं, मार बघू एक टाका."

मॅडम जवळ आल्या. बाजूच्या टेबलांवरचे दोघे-तिघेही वेल्डिंगचे मुखवटे घेऊन उभे राहिले. काकांनी पाइपावर पायरीचा तुकडा बसवला, मुखवटा पाडला आणि घोडा दाबला. आवाज कसा, एकसारखा, कुठेही न अडखळणारा. तार लोण्यासारखी येत होती. निम्मा टाका सुरेख आला. काकांना क्षणभर वाटलं, अरे, खरंच गनचाच दोष होता की काय! एवढ्यात मनगट थरथरलं.

मुखवटा वर केला. टाक्याचं शेपूट जोड सोडून भलतीकडेच पाइपावर चढलं होतं.

 दुरुस्तीवाल्यानं टाक्याकडे पाहिलं, मग काकांच्या हाताकडे. बोटं अजून मुठीवर थरथरत होती. त्यानं नजर वळवली आणि मोठ्यांदा म्हणाला, "नाही मॅडम, हिच्यात काही राम राहिला नाही. नवीनच घ्या."

दोस्तानं लाज राखली. काकांना हायसं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच.  एवढे दिवस खोटं ते एकटे बोलत होते. आता त्यांच्यासाठी दुसराही बोलू लागला होता, आणि तेही मिनिटापूर्वी स्वतः नीट केलेल्या गनबद्दल.

"बरं, मग नवीनच घेऊ," मॅडम म्हणाल्या. "या गनचे कागद माळ्यावर आहेत, नंबर बघून घेते." आणि त्यांनी भिंतीला टेकवलेल्या तयार शिड्यांपैकी एक ओढून माळ्याला लावली. गेल्या आठवड्यातली होती, काकांच्या हातची. त्या चढायला लागल्या. तिसरी पायरी, चौथी, पाचवी.

"उतर!" काका ओरडले. "खाली उतर आधी!"

सगळं कामकाज थांबलं. मालकीण झाल्यापासून काकांनी तिला कधी अगं-तुगं केलं नव्हतं. ती हळूहळू खाली आली. जमिनीवर तिचे पाय टेकेपर्यंत काकांनी श्वास घेतला नाही.

"गन चांगली आहे," ते म्हणाले. "हात माझा गेलाय. चार महिने झाले. टाका वाकडा आला की घासून टाकत होतो मी."

"अरे, कशाला आता..." दुरुस्तीवाला पुटपुटला.

मॅडमनी त्याच्या हातात हातोडा दिला. शिडी आडवी घातली. तो एकेका पायरीवर घाव घालत गेला. पहिली टिकली. दुसरी, तिसरी, चौथी टिकली. आपण उगाचच एवढे घाबरलो, असं काकांच्या मनात येऊ लागलं. आठवी पायरी दुसऱ्या घावाला निखळली आणि खणखणत फरशीवर पडली.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "अशा किती असतील?"

"सांगता येत नाही," काका म्हणाले. "प्रत्येक शिडीत अशी पायरी असेल, नाहीतर पुढं एकीतही नसेल."

त्या फोनकडे धावल्या. सगळ्यांत ताज्या शिड्या रस्त्यावरचे दिवे बदलणाऱ्यांकडे गेल्या होत्या. फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेला उचलला गेला आणि तिकडचा मुकादम वैतागून म्हणाला, "नंतर करा हो, माझा माणूस वर चढलाय."

 काकांनी मॅडमच्या हातातून फोन घेतला.

"मी वेल्डर बोलतोय. तुझा माणूस ज्या शिडीवर आहे ती मी केलीय. खराब केलीय. त्याला सांग, दोन्ही हातांनी उभे पाइप धर, पायरी धरू नको. पाय कडेला ठेव आणि सावकाश खाली ये."

"थट्टा करताय का?"

"थट्टा नाही रे बाबा, पाया पडतो तुझ्या!"

तिकडे कुणीतरी वर बघून हाका मारल्या. मग नुसती रहदारीची घरघर. काका कान देऊन उभे होते. शिडीला अठरा पायऱ्या असतात. त्यांनी डोळे मिटून एकेक मोजली. अठरा झाल्या. आवाज नाही. पुन्हा एकपासून सुरुवात केली.

"उतरला," मुकादम म्हणाला. आता त्याचाही आवाज बदलला होता. "पण अहो, सहा शिड्या दिल्यात तुम्ही आम्हाला."

"बाकीच्या कुठायत?"

"याच रस्त्यावर, पुढं. सगळ्यांवर माणसं आहेत."

"पळ," काका म्हणाले. "एकेकाला उतरव. मी फोन ठेवत नाही."